रुग्णालयाची रांग आणि शिरगणती

'लोकसंख्यावाढीचे परिणाम लिहा.' शालेय परीक्षांत वर्षानुवर्षे हमखास येणारा हा प्रश्न. त्याचे उत्तरही ठरलेले असते. अन्नधान्याचा तुटवडा, घरांची टंचाई, बेकारी, प्रदूषण आणि मग पाचवा किंवा सहावा मुद्दा, आरोग्यसेवांवर ताण. लोकसंख्या वाढल्यामुळे सरकारी रुग्णालयांत गर्दी होते व रुग्णांना वेळेवर उपचार मिळत नाहीत, एवढे लिहिले की एक गुण पदरात पडतो.

या एका गुणाच्या वाक्याची येथे तपासणी करायची आहे. वाक्य लहान आहे, आणि ते अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ते इतक्या वेळा घोकले गेले आहे की ते एक गृहीतक आहे, आणि गृहीतक म्हटले की त्याची परीक्षा घेता येते, याचाच विसर पडला आहे.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आम्ही विचारले होते, "सरकारी दवाखान्यातली रांग लांब का असते?" जवळजवळ सर्वांनी कागदावर एकच शब्द लिहिला, लोकसंख्या. चहाच्या सुट्टीत एक शिक्षिका थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गात चार भावंडांतली एक मुलगी आहे. हा धडा चालू असला की ती पुस्तकातून डोके वर काढत नाही." त्यांचे म्हणणे आमच्या डोक्यातून गेले नाही. ज्या मुलांच्या घरी दुखणे आले की सरकारी दवाखान्याखेरीज दुसरे दार नाही, त्यांना आपण या वाक्याने असे शिकवतो, की रांग लांब आहे कारण तुम्ही फार आहात. हे शिकवायचेच असेल तर निदान ते खरे आहे की नाही हे तरी आधी पाहिले पाहिजे.

परीक्षा सोपी आहे. गर्दीचे कारण लोकसंख्यावाढ असेल, तर जिथे लोकसंख्या घटली तिथे गर्दी घटायला हवी. असे ठिकाण शोधायला फार लांब जावे लागत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढून ११ कोटी २४ लाखांवर गेली. पण त्याच काळात राज्यातल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. मुंबई शहर जिल्हा ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आला. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर.

प्रथम मुंबई शहर घेऊ. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा हा जुना भाग. मुंबईतली मोठी सार्वजनिक रुग्णालये मुख्यतः याच पट्ट्यात आहेत. भायखळ्याचे जे. जे. १८४५ पासून, परळचे के. ई. एम. १९२६ पासून, शिवाय मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि गिरणगावातली कुटुंबे हळूहळू बाहेर पडली. दहा वर्षांत जिल्ह्याची अडीच लाख माणसे कमी झाली. म्हणून के. ई. एम.च्या बाह्यरुग्ण विभागात शुकशुकाट झाला काय? तिथे एकदा तरी सकाळी केसपेपर काढायला उभा राहिलेला माणूस या प्रश्नावर हसेल.

यात गूढ काही नाही. शिरगणती जिल्ह्याची होते, रुग्णालय मात्र जिल्ह्याचे नसते. भूगोलात आपण नदीचे पाणलोट क्षेत्र शिकवतो. धरणात किती पाणी येणार हे धरणाच्या गावात किती पाऊस पडला यावर ठरत नाही. वरच्या अंगाला कुठपर्यंतचे ओढे त्यात उतरतात यावर ठरते. रुग्णालयालाही असे पाणलोट असते. परळच्या रुग्णालयांत उतरणारे ओढे वसई-विरार, कल्याण, पनवेल, रायगड, कोकण येथून निघतात. शेजारच्या टाटा कर्करोग रुग्णालयात तर ते उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपासून येतात. ज्या दशकात मुंबई शहर ओसरत होते त्याच दशकात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून एक कोटी दहा लाखांवर गेला.

येथे जागरूक वाचक आम्हाला अडवेल. म्हणजे अखेर लोकसंख्याच वाढली की, इथे नाही तर ठाण्यात! आक्षेप रास्त आहे. पण मग त्या ठाण्यातल्या माणसाला परळपर्यंत का यावे लागते, हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर जन्मदरात सापडत नाही. ज्या दिशेने माणसे गेली त्या दिशेने खाटा गेल्या नाहीत. माणसांची एकूण संख्या तीच राहिली असती आणि केवळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकली असती, तरीही लोकलच्या डब्यात हातात एक्स-रेचा लिफाफा धरलेले लोक आपल्याला दिसलेच असते.

कोकणची गोष्ट याहून बोलकी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून कोण गेले आणि कोण राहिले? २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावत्या वयाचे पुरुष मुंबईला, असा याचा अर्थ. त्यांच्यामागोमाग पुष्कळदा बायकामुलेही जातात. गावात उरतात ते मुख्यतः म्हातारे. आता माणसाला रुग्णालयाची गरज आयुष्यभर सारखी नसते. जन्माच्या वेळी ती खूप असते, बालपण सरले की झपाट्याने उतरते, स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपणाच्या वयात पुन्हा वर येते, आणि साठीनंतर चढतच जाते. मध्ये खोलगट असलेल्या या आलेखावर समाजातला प्रत्येकजण कुठे ना कुठे उभा असतो. म्हणून किती माणसे यापेक्षा कोणत्या वयाची किती, हे अधिक महत्त्वाचे.

फळ्यावर करता येईल असे एक काल्पनिक गणित मांडू. समजा एका गावात १००० माणसे आहेत, त्यांत १०० साठीच्या पुढची. इतरांची रुग्णालयाची गरज माणशी एक एकक धरू आणि म्हाताऱ्यांची चार एकके. एकूण गरज ९०० अधिक ४००, म्हणजे १३००. दहा वर्षांनी गावात ९५० माणसे उरली, पण त्यांत १५० म्हातारी आहेत. आता गरज ८०० अधिक ६००, म्हणजे १४००. गाव पाच टक्क्यांनी लहान झाले आणि रुग्णालयाची गरज जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढली. चार हा आकडा आम्ही सोयीसाठी धरला आहे. मुलांना तो बदलून पाहू द्यावा. तो किती खाली आणला की उत्तर उलटे होते, हे शोधणे हा बीजगणिताचा चांगला धडा होईल.

आता या गावावर सरकारी निकष लावून पाहा. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा आपल्याकडचा प्रचलित निकष आहे. रत्नागिरीतून दहा वर्षांत सुमारे ८१,७०० माणसे कमी झाली. काटेकोर भागाकार केला तर पहिल्या निकषाने पावणेतीन आणि दुसऱ्याने चार आरोग्य केंद्रे 'जादा' ठरतात! अशी केंद्रे कोणी बंद केली असे आमचे म्हणणे नाही. पण नवे केंद्र मागायला जाणाऱ्या गावापुढे हाच भागाकार ठेवला जातो, आणि गावाजवळ त्याला उत्तर नसते. भागाकारात वय नाही. रस्ता तर नाहीच. डोंगराळ भागाला दिलेली दहा हजारांची सवलत पाहता, अंतरही मोजायला हवे हे निकष ठरवणाऱ्यांना ठाऊक होते असे दिसते. मग ते तिथेच का थांबले?

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाच्या लोकांना मोठ्या दुखण्यासाठी मुंबई तर दूरच, कोल्हापूरही घाट चढून जावे लागते. त्यामुळे सावंतवाडी-दोडामार्गकडचे रुग्ण अनेक वर्षे गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जात आले. १८४२ मध्ये पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारस. गोव्याची लोकसंख्या २०११ मध्ये साडेचौदा लाख होती. बांबोळीच्या खाटांवर मात्र राज्याच्या सीमेपलीकडचे लोकही असत. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात मोठी खळबळ उडाली आणि पुढे महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेतून तोडगा काढावा लागला. त्यानंतर सिंधुदुर्गातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हे सारे घडले ते ज्या जिल्ह्यात माणसे कमी होत होती त्या जिल्ह्यासाठी.

मुले कमी, बाळंतपणे जास्त

प्रसूतिकक्षाची गर्दी तरी निश्चितच लोकसंख्यावाढीमुळे असणार, असे कोणालाही वाटेल. तिथे तर लोकसंख्या डोळ्यांसमोर वाढत असते. म्हणून या कक्षाकडे थोडे थांबून पाहू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत भारतातला एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले, २.७ होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो २.० वर आला. याच दोन फेऱ्यांत सरकारी आरोग्यसंस्थांत जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेले. आता दहा स्त्रिया डोळ्यांसमोर आणा. पूर्वीच्या दराने त्यांना २७ मुले होणार, त्यांतली सरकारी दवाखान्यात जेमतेम पाच. नंतरच्या दराने २० मुले होणार, त्यांतली सरकारी दवाखान्यात बारा. मुले सातने कमी झाली आणि सरकारी प्रसूतिकक्षातली बाळंतपणे दुपटीहून अधिक झाली. (जननदर आणि हे प्रमाण यांचा असा सरळ गुणाकार करणे ढोबळ आहे, संख्याशास्त्रज्ञांनी क्षमा करावी. पण पाच आणि बारा यांतला फरक ढोबळपणाने पुसला जात नाही.)

हा बदल घडला तो २००५ मध्ये सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या, रुग्णवाहिका, वाढलेले रस्ते आणि मुलींचे वाढलेले शिक्षण यांमुळे. महाराष्ट्रात घराबाहेर, सरकारी वा खाजगी संस्थांत होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण याच काळात ६५ टक्क्यांच्या आसपास होते ते ९५ टक्क्यांच्या जवळ पोहोचले. प्रसूतिकक्षात एका खाटेवर दोन बाळंतिणी दिसल्या तर मनात पहिला विचार 'फार मुले' असा येतो. खरे तर तिथे दिसते ते असे, की वीस वर्षे आपण 'दवाखान्यात या' म्हणून बोलावले आणि त्या आल्या; पाहुण्यांच्या हिशोबाने पाट मात्र मांडले नव्हते.

गरज आणि मागणी यांतला फरकही येथेच कळतो. चुलीशेजारी अंधाऱ्या खोलीत बाळंत होणाऱ्या स्त्रीला गरज होतीच. पण ती रुग्णालयात आली नाही, म्हणून तिथल्या नोंदवहीत मागणी शून्य. नोंदवहीत न आलेल्याचे नाव नसते. ज्या तालुक्यात दवाखाना नाही त्या तालुक्यात मागणीही नाही, असा विचित्र निष्कर्ष कागदावरून निघू शकतो. केरळचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. तिथली लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये केवळ ४.९ टक्क्यांनी वाढली, आयुर्मान देशात वरच्या क्रमांकाचे. तरीही राष्ट्रीय नमुना पाहणीत 'गेल्या पंधरा दिवसांत आजारी होतो' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळात देशाच्या सरासरीच्या तिपटीहून अधिक निघते. तिथे म्हातारे अधिक आहेत हे एक कारण. दुसरे असे की दवाखाना जवळ आहे आणि दुखणे अंगावर काढायचे नसते हे लोकांना माहीत आहे. आजार ओळखायलाही शिक्षण लागते.

खाट किती दिवस अडते

रुग्णालयाच्या मागणीत माणसांइतकाच दिवसांचाही हिशोब असतो. गणितात याविषयी एक देखणे सूत्र आहे. आत असलेल्यांची सरासरी संख्या ही रोज येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम एवढी असते. अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सर्वसाधारण सिद्धता दिली म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. धर्मशाळा, ग्रंथालय, रुग्णालय, सगळीकडे ते चालते. रोज २० रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येकजण ५ दिवस राहत असेल तर १०० खाटा लागतील. मुक्काम ४ दिवसांवर आला तर ८० पुरतील. लोकसंख्या या सूत्राच्या एका घटकातून, तोही आडवळणाने, आत शिरते. दुसरा घटक वैद्यकशास्त्राच्या हातात असतो.

आणि त्याने काय काय केले पाहा. एके काळी क्षय म्हणजे आरोग्यधामातला कित्येक महिन्यांचा मुक्काम. मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५६ मध्ये एक प्रयोग सुरू केला. रुग्णांचे दोन गट केले, एक आरोग्यधामात आणि दुसरा शहरातल्या दाटीवाटीच्या घरांतच. दोघांना वर्षभर तीच औषधे, आयसोनायझिड आणि पास. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागण अधिक झाल्याचेही आढळले नाही. या एका प्रयोगाने जगभरच्या किती खाटा मोकळ्या केल्या याचा हिशोब कोणत्याही लोकसंख्या धोरणाने लाजावे असा असेल. मोतीबिंदूचेही तसेच. पूर्वी डोक्याला वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस निजवून ठेवीत. आता सकाळी गेलेली आजी संध्याकाळी घरी येते. म्हातारी माणसे वाढली, मोतीबिंदू वाढले, आणि त्यासाठी लागणारे खाटांचे दिवस घटले.

पण पारडे दुसरीकडेही झुकते. मधुमेहाचा वा रक्तदाबाचा रुग्ण बरा होऊन यादीतून जात नाही. महिन्याला एकदा गोळ्यांसाठी आला तरी वर्षाला बारा नोंदी. मूत्रपिंड निकामी झालेल्याला आठवड्यातून दोनदा वा तीनदा डायलिसिस लागते, म्हणजे एका माणसाच्या वर्षाला शंभर ते दीडशे फेऱ्या. २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना आली तेव्हा या फेऱ्या सरकारी खात्यावर चढू लागल्या. त्याआधी हे रुग्ण नव्हते काय? होते. काहींनी जमीन विकली, आणि ज्यांच्याकडे विकायला काही नव्हते ते नोंदवहीत न येताच गेले.

आता आम्हाला स्वतःच्याच विरुद्ध बाजूने थोडे बोलले पाहिजे. वर्षाला दीड टक्का लोकसंख्या वाढल्याने रांग अशी किती वाढणार, असे म्हणून हा विषय झटकून टाकता येत नाही. रांगेचे गणित सरळ रेषेत चालत नाही. डेन्मार्कचे ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रावरच्या गर्दीचा अभ्यास करून या गणिताचा पाया घातला. त्याचे अगदी साधे रूप घेऊ. केसपेपरची एक खिडकी तासाला सरासरी ६० माणसे हाताळू शकते आणि तासाला ५४ येतात. माणसे येण्याची वेळ आणि प्रत्येकाला लागणारा वेळ दोन्ही अनियमित. अशा वेळी खिडकीपाशी सरासरी ९ माणसे असतात. आता येणारे फक्त पाच टक्क्यांनी वाढवा, ५४ ऐवजी पावणेसत्तावन्न. खिडकीपाशी सरासरी १७ माणसे दिसतील! पाच टक्के वाढीने गर्दी जवळजवळ दुप्पट. तेव्हा 'पूर्वी इतकी गर्दी नव्हती हो' म्हणणारे आजोबा खोटे बोलत नाहीत, आणि लोकसंख्येला दोष देणारेही अगदीच हवेत बोलत नाहीत.

पण याच गणिताची दुसरी ओळ वाचा. त्याच खिडकीची क्षमता दहा टक्क्यांनी वाढवली, तासाला ६६ केली, तर वाढलेल्या लोकसंख्येसह खिडकीपाशी सरासरी ६ माणसेच उरतात, म्हणजे मूळच्या ९ पेक्षाही कमी. गर्दी फुगते ती व्यवस्था काठोकाठ भरलेली असते म्हणून. काठ कुठे असावा हे माणसे ठरवत नाहीत, अंदाजपत्रक ठरवते. रिकाम्या पदावर कारकून नेमला नाही, दोन खिडक्यांपैकी एक वर्षभर बंद राहिली, तर ती कसर पाच टक्के लोकसंख्यावाढीच्या कितीतरी पट असते. (खऱ्या दवाखान्यात सकाळी नऊला लोंढा येतो आणि दुपारी खिडकी ओस असते, म्हणून खरे आकडे यापेक्षा वेगळे पडतील. दिशा तीच राहील.)

दरहजारी खाटांचा मोह

मागणी मोजायची कशी हा प्रश्न जुना आहे. १९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल दिलेल्या भोर समितीने तो आपल्याकडे प्रथम व्यवस्थित हाताळला. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर तिचे अध्यक्ष होते. समितीने हिशोब मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानात दरहजारी ०.२४ खाटा, इंग्लंड-वेल्समध्ये ७.१४, अमेरिकेत १०.४८. दूरच्या पल्ल्यासाठी समितीने दरहजारी ५.६७ खाटांचे उद्दिष्ट ठेवले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे उद्दिष्ट दरहजारी २ खाटांचे आहे. सत्तर वर्षांनी उद्दिष्टच खाली आले, हे लोकसंख्येचे काम नव्हे. कारण 'दरहजारी' या शब्दात लोकसंख्या आधीच भागून घेतलेली असते. त्याच धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते; राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

भोर समितीबद्दल आम्हाला आदर आहे, आणि तक्रारही आहे. तक्रार समितीपेक्षा तिच्या वाचकांविषयी अधिक. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, सेवा लोकांच्या जितक्या जवळ नेता येईल तितकी न्यावी, हे समितीने स्पष्ट म्हटले होते. पुढच्या काळात त्यातला गुणोत्तराचा भाग तेवढा सगळ्यांच्या हाताशी लागला, कारण गुणोत्तर तक्त्यात बसते. सरासरीत परळची खाट आणि दोडामार्गची न बांधलेली खाट एकमेकींत मिसळून जातात. २०१७ च्या धोरणाने खाटा अशा विखुरलेल्या असाव्यात की आणीबाणीच्या पहिल्या तासात रुग्ण तिथे पोहोचेल, असे म्हटले आहे, हे त्याचे श्रेय. एवढे वाक्य जरी तक्त्यात उतरले तरी पुष्कळ झाले.

खाटा वाढवण्याविरुद्ध एक विद्वत्तापूर्ण युक्तिवादही केला जातो. मिल्टन रोमर आणि मॅक्स शेन यांनी १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आकडेवारीवरून दाखवले, की जिथे दरहजारी खाटा अधिक तिथे खाटांचा वापरही अधिक. यावरून खाट बांधली की ती भरतेच, असा 'रोमरचा नियम' रूढ झाला. म्हणून आपल्याकडेही काहीजण म्हणतात, कितीही खाटा बांधा, गर्दी हटणार नाही. पण तो नियम जिथे विम्याचे पैसे मिळत होते अशा समाजातला आहे. तिथे रिकामी खाट डॉक्टरांना मोह पाडू शकते. आपल्याकडे नवी खाट भरते तेव्हा तिच्यावर बहुधा असा कोणी असतो, जो काल घोंगडीवर होता. वेल्सच्या खाणगावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ मध्ये निदर्शनास आणलेली गोष्ट आम्हाला अधिक जवळची वाटते. चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी आढळते. कोकणातल्या कोणत्याही एसटी स्थानकावर याचा पडताळा घेता येईल.

या सर्वांत एक व्यावहारिक अडचण आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार पुढच्या गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा आहे. म्हणून या लेखातले जिल्ह्यांचे आकडे २०११ चे आहेत, आणि आरोग्य केंद्रांचे निकषही अजून त्याच आकड्यांवर टेकलेले आहेत. २०११ मध्ये साठीला पोहोचलेली माणसे आता पंचाहत्तरीला आली.

वर्गात करण्यासारखे एक काम सुचवतो. प्रत्येक मुलाने घरी तीन प्रश्न विचारावेत. आजीची भावंडे किती आणि ती कुठे जन्मली, आईची भावंडे किती आणि ती कुठे जन्मली, आपण भावंडे किती आणि कुठे जन्मलो. नावे नकोत, फक्त घर की दवाखाना. आकडे फळ्यावर तीन स्तंभांत मांडावेत. मुले कमी होत जातात आणि दवाखान्याच्या नोंदी वाढत जातात, हे मुलांना आपल्याच घरांतून दिसेल. ज्या शिक्षिकेचा आम्ही वर उल्लेख केला त्यांनी हे करून पाहिले आणि आम्हाला पत्र पाठवले. चार भावंडांतल्या त्या मुलीनेच फळ्यावर बेरजा केल्या, असे त्यांनी कळवले आहे. पत्रात एक प्रश्नही होता. त्यांच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचा जन्म तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात झालेला होता, काहींच्या वडिलांनी त्यासाठी कर्ज काढले होते, आणि धाकट्या भावंडांच्या वेळी पैसे नसल्यामुळे तीच कुटुंबे सरकारी दवाखान्यात गेली होती. 'हे तुमच्या हिशोबात कुठे बसते?' असे त्यांनी विचारले होते.

आमच्या तक्त्यात तो स्तंभ नव्हता. आता घातला आहे.